बोट नेमके कोणत्या जिल्ह्यावर?

वर्गाच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा टांगलेला असतो. बाई म्हणतात, "चंद्रपूर दाखव." मुलगा पुढे येतो, थोडा चाचपडतो आणि पूर्वेकडच्या एका आकारावर बोट ठेवतो. बोट बरोबर जागी पडले की नाही, हे सांगायला बाई शेजारीच उभ्या असतात.

आता हाच नकाशा संगणकाच्या पडद्यावर आहे असे समजा. जिल्ह्यावर बोट ठेवले, की त्या जिल्ह्याची माहिती उघडते. असा एक नकाशा आम्ही काही शिक्षकांनी मिळून शाळेसाठी तयार केला. संगणक कक्षात तो छान चालला. संध्याकाळी सातवीतल्या एका मुलीने तो घरी वडिलांच्या मोबाइलवर उघडला आणि चंद्रपूरवर बोट ठेवले. समोर केळीच्या बागेचे चित्र आणि चार ओळी आल्या. पानावर जिल्ह्याचे नाव लिहायला आम्ही विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते : 'चंद्रपूर जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध आहे.' उघडलेले पान खरे तर जळगावचे होते.

चूक मुलीची नव्हती, संगणकाचीही नव्हती. ती आमची होती. ती शोधताना आम्हाला नववीच्या निर्देशक भूमितीची पुन्हा एकदा उजळणी करावी लागली. ती उजळणी इतकी उपयोगी ठरली, की ती सर्वांसमोर मांडावी असे वाटले.

संगणकाला नकाशा दिसत नाही

नकाशाचे चित्र म्हणजे संगणकाच्या दृष्टीने रंगीत ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. आमचे चित्र ८०० पिक्सेल रुंद आणि ७०० पिक्सेल उंच होते. म्हणजे त्यात एकूण ५,६०,००० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा आणि निळा रंग किती, एवढेच संगणक जाणतो. 'हा ठिपका चंद्रपूरमधला' हे त्याला कुठेच लिहून दिलेले नसते. आपल्याला दिसते ती सीमारेषा त्याच्या लेखी काळ्या ठिपक्यांची एक ओळ असते, दुसरे काही नाही.

आपण बोट टेकवतो किंवा माउसने क्लिक करतो, तेव्हा संगणकाला दोनच संख्या मिळतात : चित्राच्या डाव्या कडेपासून अंतर किती, आणि वरच्या कडेपासून अंतर किती. आमच्या चित्रात चंद्रपूर शहराची जागा साधारण (६४०, २२०) येते. म्हणजे डावीकडून ६४० ठिपके आणि वरून २२० ठिपके.

इथे विद्यार्थी हटकून एक शंका काढतात, आणि ती योग्यच असते. आलेखाच्या कागदावर य-निर्देशक वर जाताना वाढतो. पडद्यावर मात्र तो खाली येताना वाढतो. आरंभबिंदू चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. आपण वहीत जसे पहिली ओळ वर आणि पुढच्या ओळी तिच्याखाली लिहितो, तशीच पडद्यावरच्या ठिपक्यांच्या ओळींची मोजणीही वरून खाली करतात.

या दोन संख्यांवरून जिल्हा ओळखायचा, तर दिसणाऱ्या नकाशावर न दिसणारा दुसरा नकाशा पसरावा लागतो. हा दुसरा नकाशा फक्त संख्यांचा असतो. त्यालाच 'इमेज मॅप' म्हणतात.

संख्यांचा नकाशा कसा लिहितात?

वेबपान एचटीएमएल या भाषेत लिहितात. तिच्यात खुणा असतात. त्या रोमन लिपीतच टाइप कराव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार देत आहोत. चित्र मांडणाऱ्या 'इमेज'च्या खुणेत 'यूजमॅप' असे लिहून संख्यांच्या नकाशाचे नाव द्यायचे. मग त्याच पानावर त्या नावाची 'मॅप' ही खूण लिहायची. तिच्या पोटात, बोट ठेवण्याच्या प्रत्येक जागेसाठी एक, अशा 'एरिया'च्या खुणा येतात.

प्रत्येक 'एरिया'त चार गोष्टी सांगाव्या लागतात : जागेचा आकार, तिचे निर्देशक, बोट ठेवल्यावर उघडायच्या पानाचा पत्ता आणि जागेचे नाव. आकार मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

१) आयत. याला चार संख्या लागतात : डावी कड, वरची कड, उजवी कड, खालची कड. आमच्या नकाशात सूचीची चौकट खाली उजवीकडे होती. तिच्या संख्या ५५०, ५००, ७८०, ६५०. बिंदूचा क्ष ५५० आणि ७८० यांच्या दरम्यान आणि य ५०० आणि ६५० यांच्या दरम्यान असला, की तो आत.

२) वर्तुळ. याला तीन संख्या पुरतात : केंद्राचे दोन निर्देशक आणि त्रिज्या. समजा, केंद्र (२५, ४५०) आणि त्रिज्या २० आहे. बोट (४०, ४६०) वर पडले, तर अंतराचे फरक १५ आणि १०. त्यांच्या वर्गांची बेरीज २२५ + १०० = ३२५. त्रिज्येचा वर्ग ४००. ३२५ ही संख्या ४०० पेक्षा लहान, म्हणून बिंदू आत. हे पायथागोरसचे प्रमेयच झाले. वर्गमूळ काढण्याचीही गरज पडली नाही.

३) बहुभुज. जिल्ह्याची सीमा ना आयत असते, ना वर्तुळ. सीमेवरून फिरत जाऊन ठिकठिकाणचे बिंदू टिपायचे आणि त्यांचे निर्देशक ओळीने लिहायचे. ते बिंदू सरळ रेषांनी जोडले, की जिल्ह्याचा ढोबळ आकार तयार होतो. शेवटचा बिंदू पहिल्याला आपोआप जोडला जातो.

दोन आकार एकमेकांवर आले तर? नियम सोपा आहे : यादीत जो आधी लिहिला तो जिंकतो. आफ्रिकेच्या नकाशात याचा उपयोग होतो. लेसोथो हा देश सर्व बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. 'एरिया'च्या आकाराला मधोमध भोक पाडता येत नाही. म्हणून लेसोथो आधी लिहायचा आणि दक्षिण आफ्रिका नंतर. क्रम उलटला, तर लेसोथोवर कितीही वेळा बोट ठेवा, दक्षिण आफ्रिकाच उघडेल.

पूर्वी उत्तर दुरून यायचे

हा संख्यांचा नकाशा सुरुवातीला वाचकाच्या संगणकावर नसे. जून १९९३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात स्टीव्ह पुट्झ यांनी जगाचा नकाशा वेबवर ठेवला. त्यावर क्लिक केले, की निर्देशक दूरच्या सर्व्हरकडे जात. सर्व्हर हिशेब करून त्या भागाचा नवा नकाशा काढून परत पाठवी. त्या काळातली क्लिक करण्याजोगी इतर चित्रेही अशाच रीतीने चालत.

यात दोन अडचणी होत्या. प्रत्येक क्लिकसाठी सर्व्हरपर्यंत खेप घालावी लागे, आणि टेलिफोनच्या तारेवरून चालणारे त्या वेळचे इंटरनेट संथ होते. शिवाय क्लिक करण्यापूर्वी आपण कोठे पोचणार हे वाचकाला कळत नसे. ब्राउझरलाच ते ठाऊक नसे, तर तो सांगणार काय? म्हणून संख्या पानातच लिहाव्यात आणि हिशेब वाचकाच्या संगणकाने करावा, ही कल्पना पुढे आली. स्पायग्लास कंपनीच्या जेम्स सीडमन यांनी लिहिलेला तिचा प्रस्ताव ऑगस्ट १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या एचटीएमएलच्या ३.२ या आवृत्तीत तिला जागा मिळाली. 'मॅप' आणि 'एरिया' या खुणा आजही तशाच चालतात.

आत की बाहेर?

आयत आणि वर्तुळ यांचा हिशेब सोपा होता. वेड्यावाकड्या बहुभुजाच्या आत बिंदू आहे की नाही, हे संगणक कसे ठरवतो? आपण नजर टाकून सांगतो. संगणकाला नजर नाही, त्याच्याजवळ फक्त संख्या आहेत.

उत्तर इतके साधे आहे, की पाचवीचा विद्यार्थीही ते वापरू शकेल. बिंदूपासून उजवीकडे एक सरळ आडवा किरण काढा. तो आकृतीची सीमा किती वेळा ओलांडतो ते मोजा. संख्या विषम आली तर बिंदू आत, सम आली तर बाहेर.

असे का? किरणाच्या टोकाकडून विचार करू या. किरण खूप दूरवर गेला, की तो नक्कीच आकृतीच्या बाहेर असतो. तिथून मागे बिंदूकडे चालत या. सीमा एकदा ओलांडली, की आपण आत; दुसऱ्यांदा ओलांडली, की बाहेर; तिसऱ्यांदा, पुन्हा आत. घराचा उंबरठा एकदा ओलांडला की आपण घरात आणि दोनदा ओलांडला की अंगणात, तसेच हे. स्वतःला न छेदणारी कोणतीही बंद रेषा कागदाचे 'आत' आणि 'बाहेर' असे दोनच भाग करते, या वस्तुस्थितीवर हे सगळे उभे आहे. ऐकायला ही गोष्ट अगदी उघड वाटते. पण ती सिद्ध करणे मुळीच सोपे नाही. फ्रेंच गणिती कामिल जॉर्दां यांनी १८८७ साली तिची सिद्धता मांडली, म्हणून हे प्रमेय त्यांच्या नावाने ओळखले जाते.

आता आलेखाचा कागद घ्या. पडद्यासारखा आरंभबिंदू वर डावीकडे धरा आणि हे पाच बिंदू क्रमाने जोडा : (१, १), (७, १), (७, ६), (४, ३), (१, ६). शेवटचा बिंदू पहिल्याला जोडा. खालून खाच पडलेली एक आकृती मिळेल. आता य = ४ या ओळीवरचे चार बिंदू तपासू.

(६, ४) : किरण उजवीकडची बाजू क्ष = ७ येथे ओलांडतो. ओलांडणे एक, म्हणून आत.
(४, ४) : किरण ५ आणि ७ येथे सीमा ओलांडतो. दोन, म्हणून बाहेर. आकृतीत पाहा, हा बिंदू खाचेत आहे.
(२, ४) : ३, ५ आणि ७ येथे. तीन, म्हणून आत.
(०, ४) : १, ३, ५ आणि ७ येथे. चार, म्हणून बाहेर.

खाचेतला बिंदू आकृतीच्या दोन पायांमध्ये सापडलेला आहे, तरी मोजणी फसली नाही. हाच या रीतीचा मोठेपणा. सीमा कितीही नागमोडी असो, रीत तीच. वेबपानाच्या प्रमाणभूत नियमांतही बहुभुजाचा आतला भाग याच सम-विषम नियमाने ठरवला जातो.

शिरोबिंदूची अडचण

हुशार विद्यार्थी येथे थांबवतील आणि विचारतील : किरण नेमका कोपऱ्यातून गेला तर?

याच आकृतीत (२, ३) हा बिंदू घ्या. तो आत आहे हे दिसतेच. पण त्याचा किरण (४, ३) या शिरोबिंदूला स्पर्श करून पुढे ७ येथे सीमा ओलांडतो. शिरोबिंदू एकदा मोजला, तर एकूण दोन होतात आणि बिंदू बाहेर ठरतो. हे चूक आहे.

म्हणून बिंदू न मोजता बाजू मोजायच्या आणि एक नियम पाळायचा : बाजूचे एक टोक किरणाच्या खाली असेल आणि दुसरे टोक किरणावर किंवा त्याच्या वर असेल, तरच ती बाजू ओलांडली असे धरायचे. शिरोबिंदू (४, ३) ला मिळणाऱ्या दोन्ही बाजूंचे एक टोक किरणावर आणि दुसरे किरणाच्या खाली आहे. म्हणून दोन्ही मोजल्या जातात. त्यांत क्ष = ७ ची बाजू मिळवली, की तीन. विषम, म्हणून आत. उत्तर जुळले. एका छोट्या नियमाने मोठी चूक टळते. संगणकाला सूचना देताना काटेकोरपणा का लागतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

चंद्रपूरचे जळगाव कसे झाले?

आता त्या मुलीकडे परत येऊ. रीत बरोबर, संख्या बरोबर. मग चुकले कोठे?

मोबाइलचा पडदा अरुंद, म्हणून चित्र त्यात मावावे यासाठी ते लहान होऊन दिसावे अशी सोय आम्हीच केली होती. ८०० पिक्सेल रुंदीचे चित्र तिच्या मोबाइलवर ४०० पिक्सेलचे झाले. दिसणारा नकाशा निम्मा झाला. संख्यांचा नकाशा मात्र होता तेवढाच राहिला. चित्र लहान झाले म्हणून ब्राउझर 'एरिया'तल्या संख्या बदलत नाही. तो त्या आहेत तशाच वापरतो.

निम्म्या चित्रात चंद्रपूर (६४०, २२०) ऐवजी (३२०, ११०) या जागी दिसत होते. मुलीने तिथे बोट ठेवले. ब्राउझरने संख्यांच्या नकाशात (३२०, ११०) शोधले. मोठ्या चित्रात ती जागा भुसावळजवळ, जळगाव जिल्ह्यात येते. ब्राउझरने इमानेइतबारे जळगावचे पान उघडले.

म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नकाशांपैकी एक आखडला आणि दुसरा तसाच राहिला. यावर तीन उपाय आहेत. चित्राचा आकार पक्का ठेवायचा आणि मोबाइलवर ते सरकवून पाहायचे. किंवा पानात एक छोटी आज्ञावली लिहायची, जी चित्र किती पट झाले ते पाहून सर्व संख्यांना त्या पटीने गुणेल. आमच्या बाबतीत ती पट ०.५ होती. तिसरा उपाय म्हणजे एसव्हीजी ही चित्रपद्धत वापरायची. ती २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात चित्रच बिंदू आणि रेषांच्या निर्देशकांनी लिहिलेले असते. दिसणारी सीमा आणि बोट ओळखणारी सीमा एकच असल्याने चित्राबरोबर दोन्ही लहानमोठ्या होतात. जिल्ह्यांच्या नकाशासाठी ही पद्धत जास्त चांगली. जास्वंदीच्या फुलाचे छायाचित्र घेऊन त्याचे भाग दाखवायचे असतील, तर मात्र जुना इमेज मॅप अजूनही सोयीचा आहे.

मुंबईवर बोट मावत नाही

आणखी एक गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किलोमीटर आहे. म्हणजे आमच्या चित्रात एक पिक्सेल साधारण एका किलोमीटरएवढा होता. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १५७ चौरस किलोमीटर आहे. चित्रात त्याला जेमतेम १५७ ठिपके मिळतात, म्हणजे सुमारे साडेबारा पिक्सेल बाजूचा एक चौरस. उलट अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर. त्याची बाजू सुमारे १३० पिक्सेल येते.

वेबपाने सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांची नवी आवृत्ती २०२३ साली आली. बोट ठेवायची जागा सर्वसाधारणपणे किमान २४ पिक्सेल लांब आणि तेवढीच रुंद असावी, असे तीत सांगितले आहे. मुंबई शहर त्याच्या निम्म्यावर आहे. म्हणून आम्ही मुंबईच्या खाली, अरबी समुद्राच्या मोकळ्या जागेत २० त्रिज्येचे एक वर्तुळ काढले आणि रेघ ओढून ते मुंबईला जोडले. वर उदाहरणात घेतलेले वर्तुळ तेच.

ज्यांना नकाशा दिसत नाही

प्रत्येक 'एरिया'त जागेचे नाव लिहायचे असते, असे वर म्हटले. हे नाव पडद्यावर सहसा दिसत नाही, म्हणून ते लिहायचा कंटाळा केला जातो. पण दृष्टिहीन विद्यार्थी संगणक वापरतो, तेव्हा पडदा वाचून दाखवणारी आज्ञावली हेच नाव त्याला ऐकवते. कळफलकावरील टॅब ही कळ दाबत गेले, की एकेक जिल्हा यादीतल्या क्रमाने पुढे येतो. नाव लिहिले नसेल, तर त्याच्यासाठी तो जिल्हा नकाशावर नाहीच.

म्हणून नावे लिहावीतच, आणि नकाशाखाली छत्तीसही जिल्ह्यांची साधी यादी दुव्यांसह द्यावी. चित्र उघडले नाही, तर तीच यादी सर्वांच्या उपयोगी पडते. आणि प्रत्येक जिल्ह्याच्या पानावर त्या जिल्ह्याचे नाव ठळक अक्षरात असावे. ते असते, तर चंद्रपूरला केळीच्या बागा लागल्या नसत्या.

वर्गात करून पाहा

संगणक नसला तरी हा पाठ घेता येतो. जिल्ह्यांच्या नकाशावर पारदर्शक आलेख-कागद ठेवा. दोन-दोन मुलांचा एक गट करून प्रत्येक गटाला एक जिल्हा द्या आणि सीमेवरचे वीस-पंचवीस बिंदू टिपायला सांगा. सातारा आणि सांगली यांच्या गटांनी सामाईक सीमेवरचे बिंदू एकत्र बसून ठरवावेत. तसे केले नाही, तर दोन जिल्ह्यांच्या मध्ये कोणाच्याच मालकीची नसलेली फट राहते. मग एकाने फक्त दोन संख्या सांगायच्या आणि बाकीच्यांनी नकाशा न पाहता, केवळ बिंदूंच्या यादीवरून किरण मोजून जिल्हा ओळखायचा. शेवटी नकाशा उघडून पडताळा घ्यायचा.

विचार करण्यासाठी तीन प्रश्न :

१) किरण उजवीकडे न काढता वर काढला, तर उत्तर बदलेल का?
२) बिंदू नेमका सीमेवर पडला, तर तो कोणत्या जिल्ह्याचा मानावा?
३) आमचा नकाशा ६०० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर मावेल इतका लहान केला, तर चंद्रपूर कोठे दिसेल? तिथे बोट ठेवले, तर मूळ संख्यांनुसार कोणता जिल्हा उघडेल?

तिसऱ्या प्रश्नासाठी नकाशा समोर लागेल. आमच्या त्या विद्यार्थिनीने तो सर्वांत आधी सोडवला.